साडूच्या गाढविणीचे जंत

शेवगावला सासूबाईंच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना यशया भिंगारदिवे सर करत. तसा काही ठराव झालेला नव्हता; पण थोरला जावई, त्यातून हायस्कूलचा निवृत्त उपमुख्याध्यापक, त्यातून आवाज भरदार, म्हटल्यावर दुसरं कोण करणार? पंगत बसली, रश्श्याच्या वाट्यांतून वाफ निघू लागली की झुंबरबाई पदर डोक्यावर घेत आणि म्हणत, "सर, करा." मग सर डोळे मिटत ते रस्सा निवेपर्यंत उघडत नसत. नात्यातले आजारी, बदलीच्या प्रतीक्षेतले, परदेशी गेलेले, न गेलेले, देशाचे पुढारी, तालुक्याचा पाऊस, असे सगळे त्यांच्या प्रार्थनेत रांगेने येऊन जात. आमेन म्हटल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही ही घराची रीत. त्यामुळे पोरं एक डोळा किलकिला करून मटणाच्या पातेल्याकडे बघत बसत. बाकीच्यांच्या दृष्टीने ही एक प्रार्थना होती. सरांच्या दृष्टीने तो घरातला मान होता, आणि तो आपल्या नावावर कायमचा चढलेला आहे अशी त्यांची समजूत होती.

गेल्या नाताळाच्या जेवणाला झुंबरबाईंनी पदर घेतला, सरांनी घसा साफ केला, आणि झुंबरबाई म्हणाल्या, "रॉबिनराव, आज तुमी करा."

रॉबिन पाटोळे म्हणजे धाकटा साडू. आजवर त्याने विमा विकला, पाण्याचे फिल्टर विकले, मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. आणि प्रत्येक धंदा बसल्यावर सरांनी त्याला मोठ्या मनाने उपदेश केला होता. साडू पडेल असला की माणसाचं मन फार मोठं होतं. पण त्या वर्षी या गृहस्थाने सासूबाईंच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड ठोकून एक उंचीपुरी गाढवीण आणली, शिंगरासकट. तिचं दूध पुण्याचा एक साबणवाला नेऊ लागला. उरलेलं छोट्या बाटल्यांतून गावात, खोकणाऱ्या पोरांसाठी. चर्चच्या पाळकसाहेबांच्या नातवाचा खोकला थांबला. तो तसाही थांबणारच होता असं सरांचं मत, पण ते कोणी विचारलं नाही.

रॉबिनची प्रार्थना अशी झाली: "बापा, दिलंस त्याबद्दल तुझे उपकार, आमेन." संपली. घास तोंडात गेले तेव्हा रस्सा चटका देत होता. आणि झुंबरबाई भरल्या तोंडाने म्हणाल्या, "कितीक वर्सांनी ह्या घरात गरम खाल्लं बाई."

केडगावला आपल्या घरी परतताना सर एस.टी.च्या खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांच्या पत्नी मरियाबाई बहिणीने दिलेला साबण हुंगत होत्या. तो गाढविणीच्या दुधाचा होता. उतरताना सर म्हणाले, "आपणही घ्यायची."

"काय?"

"गाढवीण."

मरियाबाईंनी साबण पर्समध्ये ठेवला आणि डोळे मिटले. तीसएक वर्षांच्या संसारात नवऱ्याला अडवण्याचे जेवढे मार्ग होते ते त्यांनी वापरून संपवले होते.

गाढव घ्यायचं म्हणजे रंगपंचमीला मढीच्या यात्रेत, हे सांगणारे शेजारी सूर्यभान. एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाविषयी आणि त्या गावात मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूविषयी त्यांचं मत असे. गाढविणीची पारख कशी करायची हेही त्यांनी सांगितलं: कान लांब हवेत. सरांनी मढीच्या बाजारात सकाळभर हिंडून पाहिलं. सगळ्याच गाढवांचे कान लांब होते.

शेवटी एक करडी, नाजूक, विधवेसारखा गंभीर चेहरा असलेली गाढवीण सरांना आवडली. पायाशी शिंगरू. व्यापाऱ्याने काही न बोलता सरांचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. या बाजारात भाव तोंडाने होत नाही. रुमालाखाली बोटं दाबून होतो, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. सूर्यभानांना हे ठाऊक होतं, पण ते तेवढ्यात रेवडी घ्यायला गेले होते. सरांना वाटलं, काय हा प्रेमळ माणूस. त्यांनी त्याची पाचही बोटं मनापासून दाबली, आणि स्नेह पक्का व्हावा म्हणून पुन्हा एकदा दाबली. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा भाव त्या बाजारात त्या उंचीच्या गाढविणीला कोणी दिला नव्हता. सूर्यभान परत आले तोवर लोक सरांकडे आदराने बघत होते आणि दोरी सरांच्या हातात होती.

तिचं नाव लाली ठेवलं. ती बंगल्याच्या पार्किंगमध्ये राहू लागली आणि स्कूटर अंगणात आधी उन्हात तापू आणि पुढे पावसात भिजू लागली. पहाटे ती ओरडे तेव्हा कॉलनीतली कुत्री गप्प होत. कॉलनीची सभा झाली, निषेध नोंदवला गेला, आणि सभेनंतर निषेध करणाऱ्यांपैकी तिघे जण नातवंडांसाठी दूध मिळेल का हे विचारायला मागच्या दाराने आले.

पण दूध कुठे होतं? शिंगरू दोन-तीन तास बाजूला बांधायचं, मग आईजवळ आणून तिला पान्हा सुटला की काढायचं, एवढं सर शिकले. लाली चहाचा कप भरेल इतकं देई. कपही लहान, पाहुण्यांचा. तिकडे रॉबिनची गाढवीण याच्या तिप्पट-चौपट देते अशी बातमी मरियाबाईंच्या फोनवरून रोज येई, आणि फोन स्पीकरवर नसला तरी सरांना ती ऐकू येई. सूर्यभानांनी आधी मेथी सुचवली, मग शतावरी, मग गाढविणीला जुनी गाणी लावून बघा म्हणाले. लालीने मेथी खाल्ली, शतावरी खाल्ली, गाणं ऐकलं आणि कपभरच दूध दिलं.

तेव्हा सूर्यभान म्हणाले, "सर, हिच्या पोटात जंत असतील."

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जंत. ज्या माणसाने उभी हयात नववीच्या वर्गाला फळ्यावर गोल कृमी काढून दाखवला, त्याला हे दुसऱ्याने सांगावं? लालीचा दोष नव्हता, सरांच्या निवडीचा नव्हता, रुमालाखालच्या बोटांचाही नव्हता. दूध वरच्या वर जंत पीत होते. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो मात्र शुद्ध सरांचा होता: रॉबिनच्या गाढविणीला जंत नसणार. त्याचं नशीबच तसलं. पण नसणार कसे? ते एकदा शास्त्रीय पद्धतीने बघायला हवं.

म्हणून सर सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायला शेवगावला गेले. खिशात कॉफीची रिकामी बाटली होती. गुडघ्यांची चौकशी पाच मिनिटांत आटोपून ते परसात गेले, शेडच्या मागे वाकले आणि ताजी लीद बाटलीत भरू लागले. निवृत्त उपमुख्याध्यापकाने या अवस्थेत सापडू नये. पण मागून धाकट्या मेहुणीचा, म्हणजे रॉबिनच्या बायकोचा, नॅन्सीचा आवाज आला, की सर, काही हरवलं का?

सर म्हणाले, गुलाबांना खत हवं होतं. थोडंसंच.

नॅन्सी मायाळू बाई. जावईमाणूस एवढ्या लांबून आला आणि बाटलीभर खत नेणार, हे तिच्या मनाला पटेना. तिने गडी बोलावला, गोणी भरली, तोंड शिवलं, आणि रॉबिनने स्वतः ती एस.टी.वर चढवून दिली. सरांच्या कानाला लागून म्हणाला, "अजून लागलं तर लाजू नका सर, आपल्याकडं लई हाय." लिदीचीसुद्धा श्रीमंती दाखवतो, असं सरांच्या मनात आलं. कंडक्टरने गोणीत काय आहे विचारलं. "साडूकडची भेट," सर म्हणाले. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं आणि खिडक्या उघडायला सांगितल्या.

एक बाटली लालीच्या लिदीची आणि एक साडूकडची, अशा दोन बाटल्या घेऊन सर पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तर पहिली अडचण अशी निघाली की नोंदणीच्या सरकारी मोबाईलमध्ये गाढव नव्हतं. गाय होती, म्हैस होती, शेळी, मेंढी, वराह होतं. कर्मचाऱ्याने बोट वरखाली फिरवलं आणि विचारलं, शेळी टाकू का? सरांनी ठाम नकार दिला. चुकीच्या प्राण्याच्या नावे नमुना तपासला जाणं त्यांच्या विषयाच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. शेवटी "इतर" सापडलं. मग दुसऱ्या बाटलीचा प्रश्न आला. मालक कोण? रॉबिनचं नाव सांगावं तर त्याला निरोप जाणार. सरांनी छातीठोकपणे सांगितलं, दोन्ही माझ्याच. अशा रीतीने दप्तरी सर दोन गाढविणींचे धनी झाले, आणि त्या एका क्षणापुरतं त्यांना रॉबिनपेक्षा वरचढ असल्याचं सुख मिळालं.

डॉक्टर सविता ही सरांचीच विद्यार्थिनी निघाली. तिने उठून खुर्ची दिली, तुमचा फळ्यावरचा जंत अजून आठवतो म्हणाली. लीद मिठाच्या पाण्यात ढवळली, वर तरंगलेला थेंब काचेवर घेतला, आणि सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघितलं. मग सरांनाही बघायला लावलं. पहिल्या बाटलीत जवळजवळ काही नव्हतं. एखादं अंडं, लाजून कडेला बसल्यासारखं. दुसऱ्या बाटलीत मात्र जत्रा होती.

"पहिली कुणाची?" सरांनी विचारलं, जरी त्यांना ठाऊक होतं.

पहिली लालीची होती.

हा घाव वर्मी बसला. आपली गाढवीण निरोगी, आणि कपभर देते. साडूची जंतांनी भरलेली, आणि तांब्याभर देते. जंत असते तर औषध होतं. निरोगीपणावर काय औषध आहे? सविताने समजावलं की लालीत काहीच बिघाड नाही, चण लहान आहे, त्यात शिंगरू सोडलं तर एकटी आहे. गाढवाला सोबत लागते, एकटं असलं की ते झुरतं आणि पान्हा चोरतं. इतकंच देणार. सरांना ते ऐकू आलं नाही. त्यांच्या मनात नववीच्या पुस्तकाविरुद्ध एक भयंकर शंका डोकावत होती, ती त्यांनी शास्त्राच्या भाषेत विचारली: जंतांमुळे दूध वाढतं का?

सविता हसली नाही. सरांची विद्यार्थिनी होती ना. ती म्हणाली की दुसरी अंगाने दांडगी असणार, म्हणून आज देतेय. पण ते अंगातलं काढून देतेय, लवकरच आटेल. आणि मग तिने काळजीने विचारलं, "तिचं शिंगरू कसंय, सर? पोट नगाऱ्यासारखं झालंय का? आईची लीद हुंगतात, खातात ती. आधी पिल्लू जातं. मी उद्या येऊनच बघते."

सर म्हणाले, ती सध्या इथे नाही.

"मग?"

"माहेरी गेलीय."

हे वाक्य आपण बोललो हे सरांना बोलल्यावर कळलं. सविताने आपल्या एकेकाळच्या गुरूकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने नापास मुलाकडे पाहतात. मग तिने औषधाच्या पेस्टची नळी त्यांच्या हातात दिली, कशी द्यायची ते सांगितलं, शिंगराचा डोस जपून, देताना मला फोन करा, आणि उशीर करू नका, असं दोनदा सांगितलं.

उशीर करू नका. आता इथे सरांच्या मनाचा हिशेब मांडायला हवा, कारण माणूस ते वाईट नव्हते. नळी द्यायची तर सांगावं लागणार की मी तुझी लीद चोरून तपासली. म्हणजे अब्रू जाणार. न द्यावी तर दूध आटणार, आणि दूध आटलं की साबणवाला जाणार, आणि साबणवाला गेला की रॉबिन पुन्हा मधमाश्यांच्या पेट्यांपाशी येणार, आणि रविवारी झुंबरबाई पदर घेऊन कुणाकडे बघणार? सरांना आपण होऊन काही वाईट करायचंच नव्हतं. फक्त काही करायचं नव्हतं. रविवारी जेवायला जायचंच आहे, तेव्हा सोयीने बघू, असं ठरवून त्यांनी नळी कोटाच्या खिशात घातली. रोज सकाळी ते लालीचं कपभर दूध काढत आणि तिकडचं किती झालं ते मरियाबाईंना सहज म्हणून विचारत. बुधवारी कमी झालं होतं. सरांनी दोन चपात्या जास्त खाल्ल्या. शुक्रवारी आणखी कमी. शुक्रवारी रात्री मात्र त्यांना झोप लागेना, आणि हवा फार दमट आहे असं ते मरियाबाईंना सांगत राहिले.

रविवारी शेवगावात पंगत बसली. रॉबिनचा चेहरा उतरलेला होता. दाढी वाढलेली. सरांना हा चेहरा कितीतरी महिने बघायचा होता, आणि बघितल्यावर तो काही त्यांना रुचेना. झुंबरबाईंनी पदर घेतला, दोघा जावयांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "रॉबिनराव."

सरांनी डोळे मिटले. कढत रश्श्याची वाफ नाकात जात होती. रॉबिन म्हणाला, बापा, दिलंस त्याबद्दल तुझे उपकार. पण पुढचं आमेन आलं नाही.

"बापा," तो म्हणाला, "माझं शिंगरू उठंना. चार दिस झाले. पोट टम्म झालंय. ओवा दिला, हिंग लावला, कुणी काय सांगंल ते केलं. मी लई धंदे केले, समदे बुडाले, त्याचं मला काय न्हाई. पर ते पिल्लू माझ्याकडं बघतंय, बापा. त्याला काय झालंय ते मला कळू दे. कुणाच्या तरी तोंडून कळू दे."

नॅन्सीने नाक ओढलं. सरांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि त्या अंधारात त्यांना सूक्ष्मदर्शकाखालची ती काच दिसत होती.

"जंत," सर म्हणाले.

सगळ्यांचे डोळे उघडले. प्रार्थनेच्या मधे आजवर त्या घरात कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं.

"जंत आहेत," सर म्हणाले. "आईला फार आहेत. शिंगराला असणारच. मी लीद तपासून आणली."

"कुनाची लीद?" झुंबरबाई म्हणाल्या.

"यांच्या गाढविणीची. बाटलीत भरली होती. गुलाबाचं खोटं होतं."

"कधी?"

सरांनी सांगितलं. सोमवारची गोष्ट. आज रविवार. तेवढा हिशेब झुंबरबाईंना येत होता. मरियाबाई ताटाकडे बघत होत्या. सरांनी खिशातून नळी काढली. आता रॉबिन काय बोलतो ते ऐकायची तयारी त्यांनी केली, मान खाली घालून, आयुष्यात ज्या मुलांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं त्यांच्यासारखी. पण रॉबिनने सरांच्या हातातून नळी घेतली, मग दुसऱ्या हाताने सरांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच शेडकडे पळाला.

पंगत उठली आणि मागोमाग गेली. सर गुडघ्यावर बसले, शिंगराचं डोकं मांडीवर घेतलं, डॉक्टर सविता फोनवर सांगत होती तसं जिभेच्या मुळाशी थोडं थोडं औषध घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं सरांच्या रविवारच्या शर्टावर आलं, ते निपटून पुन्हा घातलं. शिंगराच्या आईने काळजीपोटी सरांच्या खांद्याला तोंड लावलं आणि कोटाचा तुकडा काढून घेतला. फोनवरून सविता विचारत होती की सर, ही माहेरहून कधी आली? रॉबिन म्हणाला, कोण माहेरी गेल्तं? सरांनी फोन बंद केला.

शिंगरू वाचलं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे जेवणाकडे नीट लक्ष देता येईल. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातून जे पडलं ते बघून नॅन्सीने दोन दिवस शेवया केल्या नाहीत. पंधरवड्यात ते शेडभर उधळू लागलं, आईचं दूध पहिल्यापेक्षा वाढलं, आणि सविताच्या सांगण्यावरून लालीलाही शिंगरासकट सोबतीला शेवगावलाच आणून बांधलं. तिथे ती दीड कप देऊ लागली. हे दूध रॉबिनच्या दुधात जातं, आणि रॉबिन महिन्याच्या महिन्याला सरांचा वाटा काटेकोर पाठवतो. सर तो घेतात, आणि त्यातला काटेकोरपणा त्यांना सोसत नाही.

तर, जेवण. सगळे हातपाय धुऊन परत पंगतीवर आले तेव्हा रश्श्यावर तुपकट साय धरली होती आणि भाकऱ्या कडक झाल्या होत्या. सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. धाकट्या पोराने भाकरी मोडली तर झुंबरबाईंनी त्याचा हात धरला. आमेन व्हायचं राहिलं होतं.

रॉबिन अजून आला नव्हता. तो शेडच्या दारातच शिंगराजवळ बसला होता. झुंबरबाईंनी पंगतीवरून नजर फिरवली, सरांपाशी थांबवली. सरांच्या शर्टावर पांढरा डाग होता, कोटाचा खांदा गेला होता, आणि अंगाला शेडचा वास येत होता.

"बायबलात देव मागं एकदा गाढवीच्या तोंडून बोलला म्हनत्यात," झुंबरबाई म्हणाल्या. "आज तर..." पुढचं त्यांनी जावयाचा मान राखून गिळलं. मग पदर सारखा केला. "सर, अर्धी राहिलीय. तुमी संपवा."

इतक्या महिन्यांनी ते शब्द आले. सरांनी या क्षणासाठी एक लांबलचक प्रार्थना तयार ठेवली होती. पावसात भिजणाऱ्या स्कूटरकडे बघत, रोज सकाळी कपभर दुधाशी बसून घासूनपुसून ठेवली होती. तिच्यात नम्रतेवर एक परिच्छेद होता, आणि तो रॉबिनसाठी होता. त्यांनी डोळे मिटले, घसा साफ केला, आणि त्यांना त्यातला एक शब्द आठवेना. उरलेली प्रार्थना साडूची होती. ती जिथे तुटली होती तिथूनच पुढे न्यायची होती.

"बापा," सर म्हणाले, "शिंगरू उठू दे." थांबले. "त्याच्या आईला दूध येऊ दे." पुढचा शब्द बाहेर यायला वेळ लागला, त्याला बराच रेटा द्यावा लागला. "भरपूर येऊ दे. प्रभूच्या नावाने मागतो. आमेन."

शेडच्या दारातून रॉबिनचा मोठा आवाज आला, "आमेन." एवढं मोठं आमेन त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. पंगतीतल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. झुंबरबाईंनी पदराने डोळे टिपले.

"पोराच्या आमेनात बी काय जीव हाय बघा," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून त्यांनी रॉबिनच्या ताटात ठेवला.